वारशात आलेल्या खेळण्यातल्या आगगाड्या : आधी यादी, मग भाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वारशात मिळालेली एखादी जुनी खेळण्यातली आगगाडी लिलावात अवाच्या सवा किमतीला गेल्याची बातमी वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येते. बातमी बहुधा खरी असते. पण ती वाचून माळ्यावरच्या खोक्यांकडे पाहण्याची वारसांची नजर जी बदलते, ती पुष्कळदा त्यांच्याच नुकसानीला कारण होते. मी अशा गाड्यांची दुरुस्ती करतो आणि एखाद्या संग्राहकाच्या निधनानंतर त्याच्या कुटुंबीयांना वस्तूंची यादी करून देण्याच्या कामातही हातभार लावतो. या कामात जे वारंवार दिसते ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे, पण हा विषय चार ओळींत उरकण्यासारखा नाही.

माझे म्हणणे असे की, अशा संग्रहाचे खरे नुकसान बाजारात होत नाही. ते घरातच होते, आणि तेही पहिल्या काही आठवड्यांत. कोणी इंजिने चकचकीत करायला घेतो, कोणी फाटके खोके केरात टाकतो, कोणी आठवण म्हणून एकेक डबा भावंडांत वाटून देतो, आणि मग दारात जो पहिला गिऱ्हाईक उभा राहतो त्यालाच ‘याचे किती होतील?’ असे विचारले जाते. यांतली एकही गोष्ट वाईट हेतूने होत नाही. पण या चार गोष्टी होऊन गेल्यावर माझ्यासारख्याला बोलावले, तर उरलेल्या वस्तूंची नावे सांगण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

पहिला गैरसमज वयाचा. जुनी वस्तू म्हणजे महाग वस्तू, हे समीकरण या क्षेत्रात अजिबात चालत नाही. जर्मनीतील गोपिंगेन येथे १८५९ मध्ये सुरू झालेली मार्कलिन कंपनी आधी बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातील पत्र्याची भांडी करीत असे. १८९१ च्या लाइपझिगच्या जत्रेत तिने रुळांसह चावीची आगगाडी मांडली आणि रुळांच्या रुंदीची ठरावीक मापे पुढे आणली. खेळण्यातली गाडी एकदा विकत घेऊन तिला वर्षानुवर्षे नवे डबे, नवे रूळ, नवी स्थानके जोडत जायची, ही कल्पना खऱ्या अर्थाने तेथून रुजली. न्यूयॉर्कमध्ये जोशुआ लायोनेल कोवेन याची लायोनेल कंपनी १९०० मध्ये निघाली, लिव्हरपूलमध्ये मेकॅनो बनवणाऱ्या फ्रँक हॉर्नबीने १९२० मध्ये चावीच्या गाड्या बाजारात आणल्या, आणि यानंतरच्या काळात या गाड्या कारखान्यांतून प्रचंड संख्येने बाहेर पडू लागल्या. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीची एखादी छोटी चावीची गाडी आजही इतक्या ठिकाणी शिल्लक असू शकते, की तिला कोणी विचारत नाही. आणि पन्नास-साठच्या दशकातला एखादा साधा दिसणारा डबा त्या काळी फार थोडे दिवस बनल्यामुळे संग्राहकांची झोप उडवतो.

याचे उत्तम उदाहरण लायोनेलच्याच दोन वस्तूंचे आहे. १९४७ मध्ये कंपनीने दुधाच्या कॅन आपोआप बाहेर ठेवणारा एक पांढरा डबा काढला. बटण दाबले की डब्याचे दार उघडून आतला माणूस लहानशा फलाटावर कॅन ठेवतो, ही गंमत मुलांना इतकी आवडली की तो अफाट खपला. आणि अफाट खपला म्हणूनच आज तो दुर्मीळ नाही. उलट १९५७ मध्ये मुलींसाठी म्हणून कंपनीने गुलाबी इंजिनाचा आणि फिक्या पिवळ्या, निळ्या, जांभळट डब्यांचा एक संच काढला. तो दुकानांत पडून राहिला. मुलींनाही खऱ्यासारखी दिसणारी काळी गाडीच हवी होती, असे त्याचे कारण सांगितले जाते. जो माल कोणी घेतला नाही तोच पुढे मिळेनासा झाला आणि आज त्याला मोठी मागणी आहे. मागणी आहे म्हणून साध्या इंजिनाला गुलाबी रंग देऊन तो संच म्हणून विकण्याचे प्रकारही झाले, आणि पुढे खुद्द कंपनीनेही त्याची नवी आवृत्ती काढली. त्यामुळे माळ्यावर गुलाबी इंजिन सापडले म्हणून लगेच आनंदून जाण्याचेही कारण नाही.

तेव्हा आधी वस्तू कोणती आहे हे ओळखावे लागते, आणि त्याची सुरुवात मोजपट्टीने करावी. दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर, ज्याला गेज म्हणतात, मोजले की निम्मा गोंधळ मिटतो. ते साधारण ४५ मिलिमीटर असेल तर गेज एक, ३२ असेल तर ओ, २२.५ च्या आसपास असेल तर एस, १६.५ असेल तर एचओ किंवा हॉर्नबी डब्लो (हॉर्नबीच्या छोट्या मापाच्या गाड्या), आणि ९ असेल तर एन. लायोनेलने १९०६ मध्ये साधारण ५४ मिलिमीटरचे आपले स्वतःचे माप काढून त्याला ‘स्टँडर्ड’ असे नाव दिले होते, हा त्या काळच्या जाहिरातबाजीचा नमुनाच म्हणावा लागेल, कारण ते माप तोवर दुसऱ्या कोणाचेच नव्हते. मधला तिसरा रूळ आहे की नाही हेही पाहावे. लायोनेलचे ओ गेज तीन रुळांचे. १९३८ मध्ये अमेरिकन फ्लायर ही खेळण्यातल्या गाड्यांची कंपनी विकत घेणाऱ्या गिल्बर्ट कंपनीने महायुद्धानंतर आणलेले एस गेज दोन रुळांचे. हॉर्नबी डब्लो १९३८ मध्ये तीन रुळांवर सुरू झाले आणि १९५९ मध्ये दोन रुळांवर आले.

त्यानंतर गाडी उलटी करून तिचे पोट पाहावे. न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीच्या जुन्या मालावर ‘जीबीएन’ ही अक्षरे असतात, तर पहिल्या महायुद्धानंतरच्या मालावर ‘बीडब्ल्यू’. ‘यू.एस. झोन जर्मनी’ असा शिक्का असेल तर ती वस्तू दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या अमेरिकी ताब्याच्या थोडक्या वर्षांतली असते, आणि त्यामुळे काळ ठरवायला यापेक्षा सोपी खूण नाही. लायोनेलच्या डब्यांचे जोड खऱ्या रेल्वेसारखे, मिटणाऱ्या मुठीच्या आकाराचे असतील तर तो माल १९४५ किंवा त्यानंतरचा आहे. इंजिनावरचा आकडा मात्र जपून वाचावा. एकच आकडा बरीच वर्षे चालू राहिलेला असतो आणि त्याच आकड्याच्या दोन प्रकारांत चाकांची घडण, अक्षरांचा रंग किंवा एखादी पायरी एवढाच फरक असतो. किमतीतला फरक मात्र कित्येक पटींचा असू शकतो.

आता अवस्थेविषयी. हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण किंमत बहुतांशी येथेच ठरते. अमेरिकेतील ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन ही १९५४ मध्ये स्थापन झालेली संस्था वस्तूंची प्रत सी-१ ते सी-१० अशी लावते. सी-१० म्हणजे कारखान्यातून निघाली तशी निष्कलंक, सी-८ म्हणजे नव्यासारखी, सी-६ म्हणजे अगदी चांगली, सी-५ चांगली, सी-४ बरी, आणि सी-१ म्हणजे सरळ भंगार. बाहेरच्या माणसाला सी-६ आणि सी-८ यांत काही अंतर आहे असे वाटतच नाही. छतावर दोन ओरखडे आहेत एवढेच ना, असे तो म्हणतो. दुर्मीळ वस्तूच्या बाबतीत त्या दोन ओरखड्यांनी किंमत निम्म्यावर येऊ शकते. सामान्य वस्तूच्या बाबतीत तर सी-५ च्या खाली गिऱ्हाईकच मिळत नाही, मिळाले तर सुट्या भागांसाठी.

म्हणूनच साफसफाई हा पहिला शत्रू. कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरची छपाई किंवा जुना इनॅमल रंग घरातल्या साबणाने, पितळ उजळवण्याच्या पुटाने किंवा गंजावरच्या फवाऱ्याने पुसला की वरचा थर उतरतो, अक्षरे निघून जातात, आणि पाणी पत्र्याच्या दुमडीत शिरून आतून गंज धरते. हे नुकसान भरून येत नाही. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकणे एवढेच वारसाने करावे. रंग उडाला आहे म्हणून नव्याने रंगवून घेणे तर त्याहून वाईट. संग्राहकाच्या दृष्टीने झिजलेला मूळ रंग हा नव्या रंगापेक्षा केव्हाही श्रेष्ठ असतो, आणि पुन्हा रंगवलेली वस्तू कितीही देखणी असली तरी ती पुन्हा रंगवलेली आहे असे विकताना सांगावेच लागते. जाणकार माणूस ते सांगितल्याशिवायही ओळखतो: स्क्रूच्या डोक्याखाली, छिद्रांच्या कडांना आणि चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत रंग कसा बसला आहे, हे तो आधी पाहतो.

एक दोष मात्र असा आहे की त्यात कोणाचाच हात नसतो. विसाव्या आणि तिसाव्या दशकांतली अनेक ओतीव चाके, चौकटी आणि इंजिनांचे सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत. त्या धातूत शिशासारखी अशुद्धी किंचितही राहिली, तर धातूच्या कणांच्या सीमारेषांवरून आतल्या आत क्षरण सुरू होते. वस्तू फुगते, वाकडी होते, तिच्यावर जाळीसारख्या भेगा उमटतात आणि शेवटी हातात घेताच तिचा चुरा होतो. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये अतिशुद्ध जस्तापासून बनवलेला मिश्रधातू आणला आणि त्यावर उपाय सापडला खरा, पण ओतकामाच्या मुशीत जुने तुकडे आणि शिशाचे कण मिसळले जात तोवर दोष येतच राहिला. ‘झिंक पेस्ट’, म्हणजे जस्ताची कीड, या इंग्रजी नावाने तो ओळखला जातो. त्यावर औषध नाही. दमट हवेत तो वेग घेतो, आणि शेजारच्या गाडीला लागतो ही समजूत मात्र निराधार आहे. वारसाला एवढेच सांगावेसे वाटते की असे इंजिन किंवा डबा टोकाला धरून उचलू नये, चाके फिरत नाहीत म्हणून जोर करू नये, आणि भेगा दिसत असतील तर त्या यादीत नोंदवाव्यात. लपवलेली भेग विक्रीनंतर उघडी पडली की माल परत येतो आणि पुढच्या मालावरचाही विश्वास उडतो.

खोक्यांविषयी मी जितके सांगेन तितके थोडे. मुले खेळणे काढतात आणि खोका फाडतात, त्यामुळे खेळण्यांपेक्षा त्यांचे खोके कमी उरले. हे इतके साधे कारण आहे. मूळ पुठ्ठ्याचा खोका, त्याच्या आतले पुठ्ठ्याचे कप्पे, माहितीपत्रक, हमीचे कार्ड, सुट्या भागांची कागदी पुडी, संचाचा क्रमांक छापलेली बाहेरची मोठी पेटी, यांतला प्रत्येक कागद पैशांचा आहे. काही साध्या डब्यांच्या बाबतीत तर रिकामा खोका आतल्या डब्याहून महाग पडतो, ही गोष्ट सांगितली की वारस माझ्याकडे संशयाने पाहतात. पण जिथे पैसा आहे तिथे नक्कलही आहे. नव्या कागदात प्रकाश उजळवणारी रसायने असतात, आणि ती १९५० च्या सुमारापूर्वीच्या कागदात नसत. त्यामुळे युद्धपूर्व म्हणून सांगितलेला खोका अतिनील दिव्याखाली निळसर पांढरा चमकू लागला, तर तो नंतर छापलेला आहे असे समजावे. फाटका खोका चिकटपट्टीने जोडू नये. गाड्या वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत (संपादक महोदय, राग मानू नये), कारण तो कागद आम्लयुक्त असतो. आणि फुग्यांचे प्लास्टिक (बबल रॅप) रंगाला थेट चिकटू देऊ नये, कारण काही महिन्यांत त्याचे गोल ठसे रंगावर कायमचे उमटतात.

दुधाच्या डब्याचे उदाहरण वर दिले, त्याच्याबरोबर तो लहानसा फलाट आणि ते इवलेसे कॅन मूळचे होते. ते नसतील तर डबा अपुरा. लाकडी ओंडके, पिंपे, शिडी, माणसांच्या आकृत्या, रुळांच्या पिना, इंजिनाच्या धुराच्या गोळ्यांची बाटली या वस्तू घर आवरताना ‘किरकोळ’ म्हणून फेकल्या जातात. रूळ आणि साधे ट्रान्सफॉर्मर यांना सहसा फारशी किंमत नसते, पण कोणत्या संचाबरोबर काय आले हे कळेपर्यंत काहीही टाकू नये.

विजेबाबत एक सावधगिरी. ट्रान्सफॉर्मरची जुनी वायर, विशेषतः कापडी आवरणाची, सुकून तडकलेली असते, आणि ‘चालते का पाहू’ म्हणून ती सॉकेटमध्ये लावणे धोक्याचे आहे. विसाव्या दशकापर्यंतच्या काही युरोपीय गाड्या तर घरच्या पूर्ण दाबाच्या विजेवर, मध्ये केवळ बल्बचा रोध घालून चालवत असत. त्यांना हात न लावलेलाच बरा. गाडी चालते की नाही हे दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडून पाहून घ्यावे. यादीत ‘तपासलेली नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले तर बिघडत नाही. बॅटरीवर चालणारी खेळणी असतील तर जुन्या बॅटऱ्या मात्र तातडीने काढाव्यात.

या सगळ्यानंतर यादीचे काम येते. ज्या खोलीत, ज्या फळीवर वस्तू आहे तेथेच तिचा आधी फोटो घ्यावा, मग उचलावी. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा, तोच क्रमांक फोटोत चिठ्ठीवर दिसू द्यावा, आणि यादीत कंपनी, आकडा, गेज, रंग, खोका आहे की नाही, आणि दिसणारे दोष लिहावेत. चिठ्ठी वस्तूवर चिकटवू नये. संग्राहक स्वतः वह्या ठेवणारा असेल तर ती वही म्हणजे निम्मे काम झाले. खरेदीच्या पावत्या, लिलावाच्या जुन्या याद्या, खोक्याच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेला आकडा, हेही जपावे. एखादी वस्तू कोणाकडून आली हे सांगता आले तर कारखान्यातला नमुना म्हणून मिरवणाऱ्या शंकास्पद वस्तूलाही कधीकधी आधार मिळतो. अनेक देशांत वारशाच्या संपत्तीचे मूल्य मृत्यूच्या दिवशी किती होते हे कर ठरवताना विचारले जाते, म्हणून ही यादी तारखेसह, सही करून ठेवावी आणि करसल्लागाराला दाखवावी.

मग प्रश्न येतो किमतीचा, आणि येथे वारसांची सर्वांत मोठी दिशाभूल होते, कारण एकाच इंजिनाच्या तीन किमती असतात आणि तिन्ही खऱ्या असतात. विम्यासाठीची किंमत म्हणजे तसेच इंजिन दुकानातून आज पुन्हा घ्यायचे तर काय पडेल, ती सर्वांत मोठी. दोन जाणत्या माणसांनी घाई न करता उघड्या बाजारात व्यवहार केला तर जी येईल ती मधली. आणि व्यापारी सगळा संग्रह एकदम उचलून, पैसे मोजून घेऊन जाईल ती सर्वांत लहान, कारण त्याला माल साठवायचा, दुरुस्त करायचा, न खपणारा भागही सांभाळायचा असतो. मृत व्यक्तीच्या कागदांत विम्यासाठी काढलेले मूल्यपत्र सापडते, वारस तो आकडा धरून बसतात, व्यापाऱ्याने त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा आकडा सांगितला की त्याला लबाड ठरवतात, आणि कधीकधी तो लबाड नसतोही.

बातमीतल्या आकड्याचेही असेच. समजा लिलावात हातोडा १,००० वर पडला. खरेदीदाराकडून लिलावगृह समजा २० टक्के अधिभार घेते, म्हणजे बातमीत पुष्कळदा १,२०० छापले जाते. विक्रेत्याकडून समजा १५ टक्के दलाली कापली जाते, म्हणजे वारसाच्या नावावर ८५० उरतात, आणि त्यांतून फोटोंचा, विम्याचा, वाहतुकीचा खर्च जायचा असतो. टक्केवारी प्रत्येक ठिकाणी वेगळी असेल, पण दिशा हीच राहते. यावर कोणी म्हणेल की मग इंटरनेटवर पाहून किंमत ठरवावी. पाहावी, पण मागितलेली किंमत पाहू नये. विकून पूर्ण झालेल्या व्यवहारांची पाहावी. न विकलेली वस्तू वर्षभर तिथेच त्याच किमतीला दिसत असते, आणि तिच्याकडे बोट दाखवून वारस आपला आकडा ठरवतात.

मूल्य सांगणारा आणि माल घेणारा एकच माणूस असू नये, हा माझा आग्रहाचा मुद्दा आहे. मूल्य काढणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत, संग्रहाच्या किमतीची टक्केवारी देऊ नये, आणि तो स्वतः काहीही विकत घेणार नाही हे आधी लिहून घ्यावे. असे केल्याने सुरुवातीला खर्च येतो हे खरे, आणि संग्रह लहान, सामान्य असेल तर तो खर्च परवडतही नाही. अशा वेळी निदान दोन-तीन व्यापाऱ्यांकडून, एकमेकांना न कळू देता, तीच यादी दाखवून भाव घ्यावा. निवडून माल उचलण्याची सवलत मात्र देऊ नये. चांगली पाच इंजिने एकाने उचलली की मागे उरलेल्या साठ डब्यांना कोणीही हात लावत नाही, कारण व्यापारी त्या साठ डब्यांची झळ सोसायला तयार असतो तो त्या पाच इंजिनांमुळेच. ही युक्ती जुनी आहे आणि अजूनही चालते.

विक्रीचे मार्ग मोजकेच आहेत आणि प्रत्येकाची वेगळी किंमत मोजावी लागते. सगळा संग्रह एकदम देणे सोपे, पण हाती कमी येते. जुन्या खेळण्यांचे स्वतंत्र लिलाव करणारी लिलावगृहे दुर्मीळ वस्तूंसाठी योग्य, कारण तेथे जगभरचे खरेदीदार बोली लावतात. राखीव किंमत, दलाली, न विकल्या गेलेल्या मालाचे शुल्क आणि पैसे केव्हा मिळणार हे करारात वाचून घ्यावे, आणि सामान्य वस्तू ते पन्नास-पन्नासच्या ढिगाने विकतात हेही लक्षात ठेवावे. स्वतः इंटरनेटवर एकेक वस्तू विकली तर सर्वांत जास्त पैसे मिळतात, पण त्यासाठी फोटो, वर्णन, पत्रव्यवहार आणि पॅकिंग यांत महिनेच्या महिने जातात. वजनदार इंजिन आणि हलका डबा एकाच खोक्यात घालून पाठवू नये. वाटेत इंजिन डब्याचा चुराडा करते. संग्राहकांच्या मेळाव्यांतही विक्री होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये भरणारा मेळावा त्यांत प्रसिद्ध आहे. विकायचे नसले तरी एकदा अशा ठिकाणी फिरून यावे, म्हणजे आपल्याकडचा ‘दुर्मीळ’ डबा किती टेबलांवर मांडला आहे हे दिसते.

बाजार उतरला आहे का, असे मला नेहमी विचारतात. सामान्य मालाचा उतरला आहे. पन्नासच्या दशकात लहान असलेल्या पिढीने मोठेपणी, हाती पैसा आल्यावर, त्या काळच्या दुकानाच्या काचेत पाहिलेल्या गाड्या विकत घेतल्या, तेव्हा भाव चढले. आता तीच पिढी, किंवा तिचे वारस, त्याच गाड्या विकायला काढत आहेत, आणि पुढच्या पिढीच्या आठवणीत त्या गाड्या नाहीत. याउलट पहिल्या महायुद्धापूर्वीची हाताने रंगवलेली मार्कलिनची स्थानके आणि इंजिने, किंवा तिसाव्या दशकातल्या मोठ्या गेजच्या संपूर्ण, मूळ अवस्थेतल्या गाड्या यांना आजही गिऱ्हाईक आहे, कारण त्यांचा खरेदीदार आठवणीसाठी नव्हे, तर वस्तूच्या दुर्मीळतेसाठी येतो. त्यामुळे ‘अजून थोडे थांबू, भाव वाढेल’ हा सल्ला सामान्य मालाच्या बाबतीत मी देत नाही.

वाटणीबाबतही एक विनंती. संच मोडू नये. इंजिन थोरल्याला, डबे धाकट्याला आणि खोका कोणालाच नाही, अशी वाटणी प्रेमाने होते, पण त्यात प्रत्येकाच्या हाती जे येते त्याची बेरीज मूळ संचाच्या जवळपासही जात नाही. ज्यांना आठवण हवी आहे त्यांनी यादी पूर्ण झाल्यावर, किंमत कळल्यावर, झिजलेल्या आणि कमी किमतीच्या गाड्यांतून एखादी निवडावी. मृत माणसाने सर्वांत जास्त हाताळलेली गाडी बहुधा त्यांतच सापडते.

संपादक महोदय, आपल्याकडे एवढेच मागणे आहे की अशा विक्रीच्या बातम्या छापताना त्यांत वस्तूची प्रत, मूळ खोका होता की नाही, आणि छापलेल्या रकमेत खरेदीदाराचा अधिभार धरला आहे की नाही, या तीन गोष्टी एका ओळीत द्याव्यात. बातमी त्याने फार लांबणार नाही. आणि ज्यांच्याकडे अशी खोकी नुकतीच आली आहेत त्या वाचकांनी निदान यादी होईपर्यंत ती दमट तळघरात किंवा तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवू नयेत, घरात माणसे राहतात तशा कोरड्या खोलीत ठेवावीत.

आपला नम्र,
एक वाचक